स्मोक डिटेक्टरची लो-बॅटरीची बीप : वैतागा, पण काढून ठेवू नका

इंद्रायणीकाठ (न्यू जर्सी)

थंडी पडायला लागली की आमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला कुणीतरी लिहितं, "घरात मिनिटाला एकदा बीप होतेय, कुठून ते कळत नाहीये, कुणी जागं आहे का?" सकाळपर्यंत त्यावर भरपूर उत्तरं जमतात आणि त्यातली बरीचशी "डिटेक्टर काढून ड्रॉवरमध्ये टाक, वीकेंडला बघ" अशी असतात. ही बीप असते छतावरच्या स्मोक डिटेक्टरची, म्हणजे धूर आला की वाजणाऱ्या अलार्मची; बॅटरी उतरली की तो अशी बीप करतो. काढून टाकायचं हे उत्तर मला फार खटकतं, म्हणून हा धागा.

वैताग खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. डोळा लागतोय न लागतोय तोच टुँक! मग पुढचं मिनिटभर आपण पुढच्या टुँकची वाट बघत पडून राहायचं. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणी रात्रपाळी करून आलेलं असेल तर विचारूच नका. पण तो आवाज मुद्दाम तसा ठेवलेला आहे. कानाआड करता आला असता तर त्याचा उपयोगच झाला नसता.

अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींत जे मृत्यू होतात, त्यातले पाचातले साधारण तीन मृत्यू अशा घरांत होतात जिथे एकतर अलार्म नव्हता, नाहीतर होता पण वाजला नाही. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, म्हणजे एनएफपीए, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आली आहे. आणि न वाजण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे वीज न मिळणं : बॅटरी संपलेली, निघालेली किंवा आवाज नको म्हणून काढून ठेवलेली. बीप करणारा डिटेक्टर निदान सांगतोय तरी. ड्रॉवरमधला काय सांगणार?

थोडक्यात नियम असा. प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये एक आणि बेसमेंट धरून प्रत्येक मजल्यावर किमान एक. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं. वर्षातून एकदा बॅटरी. आणि १० वर्षांनी आख्खा डिटेक्टरच बदलायचा. ही १० वर्षं आपण घर घेतलं तेव्हापासूनची नव्हेत, त्याच्या पाठीवर छापलेल्या तारखेपासूनची.

अनुभव लिहा, प्रश्न विचारा. एका जागी राहील म्हणजे पुढच्या वेळी ग्रुपवर लिंक देता येईल.

---

केतकीपान (टेक्सस)

अगदी वेळेवर धागा! आमच्याकडे हेच चालू आहे. वरच्या पॅसेजमधल्या डिटेक्टरची बॅटरी बदलली, नवीकोरी, पाकीट फोडून घातली. तरी बीप येतेच आहे. नवरा म्हणतो डिटेक्टर खराब आहे. आमचे सगळे वायरने जोडलेले आहेत, मग मुळात यांना बॅटरी लागतेच कशाला?

---

इंद्रायणीकाठ

केतकी, लाइट गेले तरी चालावेत म्हणून. घरातली आग कधीकधी वायरिंगमधूनच सुरू होते आणि तेव्हा वीज आधी जाऊ शकते. म्हणून हार्डवायर्ड डिटेक्टरलाही आत ९ व्होल्टची किंवा डबल-ए बॅटरी असते आणि ती उतरली की तो वीज चालू असतानाही बोंब मारतो.

बदलल्यावरही वाजत असेल तर हे करून बघा. ब्रेकर बंद करा, डिटेक्टर फिरवून काढा, मागचा वायरचा प्लग सोडवा, बॅटरी काढा. आता टेस्टचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज त्यानं निघून जातो. (बॅटरी काढल्यावरही हातात धरलेला डिटेक्टर बीप करतो, तो याच चार्जमुळे.) मग बॅटरीच्या टोकांवरचा कागद वगैरे निघालाय ना बघा, नीट दाबून बसवा, प्लग लावा, ब्रेकर चालू करा. रिचार्जेबल बॅटरी घालू नका, तिचं व्होल्टेज मुळातच थोडं कमी असतं.

तरीही बीप थांबली नाही तर पाठीमागची तारीख वाचा. १० वर्षं उलटून गेली असतील तर तो "मला बदला" म्हणतोय. आणि महत्त्वाचं : बीप करणारा हाच आहे याची खात्री आहे ना?

---

केतकीपान

खात्री म्हणजे... आवाज तिथूनच येतोय असं वाटतं. पॅसेजमध्ये उभं राहिलं की बेडरूममधून वाटतो, बेडरूममध्ये गेलं की पुन्हा पॅसेजमधून. तारीख बघते रात्री.

---

सर्किटवाला (ओरेगन)

इलेक्ट्रॉनिक्स हे माझं रोजचं काम आहे, म्हणून दोन प्रश्नांवर जरा सविस्तर लिहितो : हा आवाज रात्रीच का येतो आणि कुठून येतो ते कळत का नाही.

रात्रीचं कारण थंडी. अल्कलाइन सेलमधली रासायनिक क्रिया तापमान उतरलं की मंदावते आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. डिटेक्टर ठरावीक वेळानं बॅटरीवर थोडा भार टाकून व्होल्टेज तपासत असतो. ९ व्होल्टची बॅटरी म्हातारी झालेली असेल तर दिवसा, घर उबदार असताना, ती या परीक्षेत कशीबशी पास होते. रात्री आपण थर्मोस्टॅट खाली आणतो, पहाटे घर सगळ्यात गार असतं, तेव्हा भार पडला की व्होल्टेज मर्यादेच्या खाली घसरतं आणि बीप सुरू. सकाळी हीटर चालला, ऊन आलं, की व्होल्टेज पुन्हा वर आणि आवाज बंद. लोकांना वाटतं, झालं आपोआप ठीक. तसं नसतं. त्या बॅटरीचं आयुष्य संपत आलेलं आहे आणि पुढच्या थंड रात्री ती पुन्हा तेच करणार. म्हणून एकदा रात्री बीप ऐकली, की सकाळी शांत असली तरी बॅटरी त्याच दिवशी बदला.

दिशेचं कारण आपल्या कानात आहे. आवाज कुठून आला हे मेंदू दोन प्रकारे ठरवतो. खालच्या पट्टीत, एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो यावरून. बऱ्याच वरच्या पट्टीत, डोक्याची सावली पडून एका कानाला कमी ऐकू येतो यावरून. या डिटेक्टरचा स्वर साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे या दोन्ही खुणा कमकुवत पडतात. त्यात तो एकसुरी, क्षणभराचा, आणि छताला चिकटलेल्या डबीतून आलेला, म्हणजे भिंती-फरशीवरून परतून सगळीकडून आल्यासारखा. मान वळवून अंदाज घ्यावा म्हटलं तर तोवर संपलेला असतो.

त्यामुळे आवाजाच्या मागे धावू नका. खोलीचं दार लावून आत एक पूर्ण मिनिट थांबा. घरात दोघं असाल तर दोघं दोन खोल्यांत थांबा आणि मग बोला. बऱ्याच मॉडेल्समध्ये बीपबरोबर छोटा दिवा लुकलुकतो, तो बघा. वायरने जोडलेले डिटेक्टर धूर आला की सगळे एकत्र वाजतात, पण लो बॅटरीची बीप फक्त ज्याची बॅटरी गेली तोच देतो. आणि छताकडेच बघत राहू नका. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म बऱ्याचदा खाली, सॉकेटला लावलेला असतो. मागच्या मालकानं काढून गराजच्या खोक्यात टाकलेला जुना डिटेक्टरही बीप करत राहतो.

---

रानवारा (मिनेसोटा)

सर्किटवाला, फार छान समजावलंत. आमच्याकडे उणे २० झालं की पहाटे हमखास ऐकू येते, त्याचं कारण आज नीट कळलं.

माझी तक्रार घरं बांधणाऱ्यांबद्दल आहे. हॉलचं छत दोन मजली उंच आणि त्याच्या ऐन टोकाला डिटेक्टर. साध्या शिडीनं हात पोचत नाही. सत्तरीच्या माणसानं तिथे चढून बॅटरी बदलायची अशी अपेक्षा आहे का? धूर वर जातो म्हणून उंचावर लावतात हे कबूल, पण मग तिथे दरवर्षी चढावं लागणार नाही याची सोय नको का करायला?

---

इंद्रायणीकाठ

रानवारा, १० वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेले घ्या. बॅटरी बदलायचीच नसते, १० वर्षांनी डिटेक्टरच नवा. वायरिंग असेल तर बॅकअपला तशी बॅटरी असलेलेही मिळतात. कॅलिफोर्नियात २०१४ पासून आणि न्यू यॉर्क राज्यात एप्रिल २०१९ पासून फक्त बॅटरीवर चालणारा डिटेक्टर विकायचा तर तो असाच लागतो. लोक बॅटरी काढून ठेवतात, यावरचाच तो उपाय आहे.

एक लक्षात ठेवा. असा सीलबंद डिटेक्टर आयुष्य संपल्यावर बीप करू लागला की त्याच्या पाठीमागे स्क्रूड्रायव्हरनं फिरवायची एक खाच असते. ती फिरवली की तो कायमचा बंद होतो आणि मग टाकता येतो. नाहीतर कचऱ्याच्या डब्यातही वाजत बसेल.

---

मोरपीस (इलिनॉय)

मी विरुद्ध बाजूनं लिहिते, कारण मला कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. आमचं अपार्टमेंट लहान आहे, स्वयंपाकघर आणि हॉल एकच. मिरचीची फोडणी दिली की डिटेक्टर वाजतो. पोळ्या करताना तव्यावरचं पीठ जरा करपलं की वाजतो. मासे तळायचे म्हणजे आधी टॉवेल घेऊन कुणीतरी खाली उभं राहायचं. बाळ दचकून उठतं. शेजारी दार वाजवतात. म्हणून आम्ही स्वयंपाकाच्या वेळी तो काढून ठेवतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा तो परत लागतच नाही. दिवसातून दोनदा स्टुलावर चढणं शक्य नाही. आपल्या स्वयंपाकासाठी ही उपकरणं केलेलीच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

इंद्रायणीकाठ

मोरपीस, तुमचं म्हणणं अजिबात उडवून लावण्यासारखं नाही. नुसतं "काढू नका" म्हणून भागणार नाही, वाजायचं थांबलं पाहिजे.

डिटेक्टर दोन जातींचे असतात. आयोनायझेशन प्रकारात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी कणभर अंश असतो. तो भडकलेल्या आगीतले बारीक कण चटकन पकडतो आणि नेमके तसेच कण गरम तेलातून, तव्यावरून उठतात. फोटोइलेक्ट्रिक प्रकारात प्रकाशाचा झोत असतो. तो धुमसणाऱ्या आगीचा, म्हणजे सोफ्यात पडलेल्या सिगरेटचा किंवा तापत गेलेल्या वायरचा दाट धूर लवकर ओळखतो आणि फोडणीला त्या मानानं कमी बिथरतो. पाठीमागे कुठली जात आहे ते लिहिलेलं असतं. स्वयंपाकघराजवळ आयोनायझेशन असेल तर फोटोइलेक्ट्रिक मागून घ्या. शिवाय शेगडीपासून किमान १० फूट अंतर हवं. लीजवर राहत असाल तर मेंटेनन्सला हे लेखी कळवा : "इथे सारखा खोटा अलार्म वाजतो, जागा किंवा प्रकार बदलून द्या". यूएल ही उत्पादनांची सुरक्षा तपासणारी अमेरिकन संस्था, तिच्या नव्या यूएल २१७ मानकाप्रमाणे बनवलेले डिटेक्टर तर बर्गर भाजल्याचा धूर आणि फोम जळल्याचा धूर यांतला फरक ओळखतील अशाच रीतीनं तपासलेले असतात.

तोवर हश बटण. ते दाबलं की काही मिनिटं त्याची संवेदना कमी होते आणि मग तो आपोआप पूर्ववत होतो. स्टुलावर चढायला नको, झाडूच्या दांड्यानं दाबता येतं.

---

बंबगाडी (पेनसिल्व्हेनिया)

इथे लिहायचं नव्हतं, पण मोरपीस यांची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी आमच्या गावच्या फायर कंपनीत, म्हणजे अग्निशमन पथकात, व्हॉलंटियर आहे. अमेरिकेतले बहुसंख्य फायरफायटर असेच, नोकरी-धंदा सांभाळून काम करणारे आहेत, हे आपल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. आमच्या राज्यात ही परंपरा बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ साली फिलाडेल्फियात काढलेल्या कंपनीपासूनची आहे.

आम्हाला आगीपेक्षा कितीतरी जास्त बोलावणी दुसऱ्याच कारणांनी येतात. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखतंय. आत जातो, आजोबांना ऑक्सिजन लावतो आणि मधेच पॅसेजमधून टुँक. मी विचारतो, "ही बीप कधीपासून?" घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. "कुठली बीप?" ती त्यांच्या कानांनी केव्हाच सोडून दिलेली असते. फ्रिजचा आवाज ऐकू येईनासा होतो तशी. पहिल्या रात्री झोप उडवणारा आवाज महिन्याभरानं घरातल्यांना ऐकूच येत नाही, आणि त्याच्याही पुढे बॅटरी पूर्ण मेली की तो थांबतो. मला त्या थांबण्याची भीती वाटते.

मोरपीस, तुमचा राग बरोबर आहे. खोटे अलार्म हा खरोखर आगीइतका गंभीर विषय आहे. ९ जानेवारी २०२२ ला ब्राँक्समधल्या ट्विन पार्क्स इमारतीत स्पेस हीटरमुळे आग लागली. १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं. तिथले अलार्म वाजले होते. पण ते इतक्या वेळा उगाच वाजायचे, की त्या दिवशीही बऱ्याच जणांना वाटलं, नेहमीचंच असेल. आणि दारं आपोआप लागली नाहीत म्हणून धूर जिन्यात पसरला. त्याच्या चारच दिवस आधी, ५ जानेवारीला, फिलाडेल्फियात फेअरमाउंट भागातल्या एका घरात १२ जण गेले, त्यांत ९ मुलं. त्यांच्या मजल्यांवरचे अलार्म वाजलेच नाहीत. एकाच आठवड्यात दोन्ही टोकं बघायला मिळाली : सारखा वाजून ज्याच्यावरचा विश्वास उडाला तो आणि वाजलाच नाही तो. माझ्या मते हा एकच रोग आहे. डिटेक्टरनं छळलं की माणूस आधी त्याचं ऐकणं सोडतो आणि मग त्याला काढून टाकतो.

आणखी एक, कारण "वास आला की उठूच ना" असं पुष्कळ जण म्हणतात. झोपेत नाक जागं नसतं. धुराच्या वासानं माणूस उठेल यावर मुळीच विसंबू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड उलट आणखी गुंगी आणतो. पूर्वी लाकूड, कापूस, लोकर असायचं, आता सोफा, गादी, गालिचा सगळ्यात फोम आणि प्लास्टिक आहे. यूएलच्या अग्निसुरक्षा संशोधन संस्थेनं खोल्या जाळून दाखवलंय : चाळीसेक वर्षांपूर्वी बाहेर पडायला साधारण १७ मिनिटं मिळायची, आता ३ मिनिटं किंवा त्याहून कमी. आम्ही कितीही जोरात गाडी हाणली तरी ३ मिनिटांत तुमच्या बेडरूमपर्यंत पोचत नाही. त्या ३ मिनिटांत तुमच्याजवळ असतो तो फक्त छतावरचा डबा.

रात्री बेडरूमची दारं लावून झोपा. बंद दार धूर आणि आच बराच वेळ अडवतं.

---

मोरपीस

वाचून अंगावर काटा आला. आत्ताच उठून डिटेक्टर परत लावला. पाठीवर आयोनायझेशनच लिहिलंय. मेंटेनन्सला ईमेल करतेय, इथल्याच वाक्यांचा उपयोग करून.

---

आजोळ (कॅलिफोर्निया)

बंबगाडी यांनी आजोबांचं लिहिलं म्हणून सांगते. माझे बाबा दरवर्षी भारतातून सहा महिने आमच्याकडे असतात. त्यांच्या खोलीतल्या डिटेक्टरची बॅटरी गेली. मला वरच्या मजल्यावर बीप ऐकू येत होती, मुलांना येत होती. बाबा त्याच खोलीत आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, "बाबा, त्रास नाही होत या आवाजाचा?" ते म्हणाले, "कुठल्या?" मला वाटलं दुर्लक्ष करतायत. मी त्यांना बरोबर डिटेक्टरखाली उभं केलं आणि दोघांनी वाट बघितली. बीप झाली. बाबा माझ्याकडे बघत होते, "झाली का?" म्हणून.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं. बोलणं त्यांना ठीक ऐकू येतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण खरा धूर झाला तर अलार्म वाजणार तो याच पट्टीत ना? आवाज मोठा असेल, पण बाबा झोपलेले असतील, आणि उद्या कानातलं यंत्र घेतलं तरी झोपताना ते टेबलावर काढून ठेवलेलं असेल. मला त्या रात्री झोप लागली नाही ती बीपमुळे नव्हे.

यावर काय करता येतं?

---

बंबगाडी

आजोळ, फार मोलाची गोष्ट लिहिलीत. ५२० हर्ट्झचा अलार्म घ्या. हा खालच्या पट्टीतला, खरखरीत आवाज असतो. ऐकू कमी येणाऱ्यांना झोपेतून उठवण्यात तो नेहमीच्या तीक्ष्ण आवाजापेक्षा कितीतरी सरस ठरलाय. महाग असतो, पण बाबांच्या खोलीत तोच हवा. त्याच्या जोडीला उशीखाली ठेवायची, थरथरणारी चकती मिळते. बऱ्याच ठिकाणी स्थानिक फायर डिपार्टमेंट ज्येष्ठांना ही उपकरणं मिळवून द्यायला मदत करतं, फोन करून विचारा.

आणि दुसरं टोक मुलांचं. ओहायोत कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी ५ ते १२ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. नेहमीच्या तीक्ष्ण अलार्मनं निम्मीच्या आसपास मुलं उठली. आईच्या आवाजात "ऊठ, बाहेर चल" असं वाजवल्यावर दहातली नऊ उठली. म्हणून "अलार्म वाजला की मुलं येतीलच बाहेर" असं धरू नका. कुणी कुणाला उठवायचं हे आधी ठरवून ठेवा : आजोबांना कोण, धाकट्याला कोण.

---

गोरखचिंच (ग्लासगो)

स्कॉटलंडमध्ये हे सगळं आता कायद्यात आहे. लंडनच्या ग्रेनफेल या उंच रहिवासी इमारतीच्या आगीनंतर नियम बदलले आणि फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात हॉलमध्ये एक, प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एक स्मोक अलार्म आणि स्वयंपाकघरात हीट अलार्म लागतो, आणि हे सगळे एकमेकांशी जोडलेले हवेत. स्वयंपाकघरात स्मोक नाही, हीट! म्हणजे फोडणीच्या धुरानं वाजत नाही, तापमान वाढलं तरच वाजतो. मोरपीस यांच्यासारख्यांसाठी ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. फक्त तो स्मोक अलार्मच्या ऐवजी नसतो, जोडीला असतो.

---

कोथरूडकर (पुणे)

आमच्याकडे घरात बीप करणारे डबे नाहीत. उंच इमारतींत डिटेक्टर असतात, पण त्यांची वायर खाली लॉबीतल्या फायर पॅनलला जाते. आमच्या सोसायटीत त्या पॅनलवर 'फॉल्ट'चा पिवळा दिवा कायम पेटलेला असतो आणि बझर म्यूट केलेला. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, "साहेब, सारखा वाजतो, लोक ओरडतात." तुमची ड्रॉवरमधली बॅटरी आणि आमचा म्यूट केलेला बझर, मला काही वेगळं वाटत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी द्यायचा असतो. फॉर्म भरला जातो, पण फॉल्टचा दिवा तसाच. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी देणार आहे.

---

रानवारा

विषयाला धरूनच : इथे वास्तुशांत, सत्यनारायण, होम असला की लोक डिटेक्टरला शॉवर कॅप चढवतात. ती उतरवायची कुणाच्याच लक्षात राहत नाही. आम्ही एकांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा वास्तुशांतीची टोपी तशीच होती, वास्तुशांत उन्हाळ्यात झालेली. यावर काही रीत ठरवली पाहिजे.

---

इंद्रायणीकाठ

खूप महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या मंडळात आम्ही गुरुजींनाच सांगून ठेवलंय. साहित्याच्या यादीत शेवटची ओळ असते, "डिटेक्टरवरचं झाकण काढणे", आणि दक्षिणा झाल्यावर गुरुजी स्वतः विचारतात. झाकायचेच असतील तर होमाजवळचे झाका, बेडरूममधले नको. घराचा अलार्म एखाद्या कंपनीकडे जोडलेला असेल तर आधी फोन करून टेस्ट मोडमध्ये ठेवायला सांगा, नाहीतर आहुती चालू असताना दारात बंब येईल. आणि अपार्टमेंटच्या इमारतीत, जिथे सगळ्यांचा अलार्म एक आहे, तिथे ऑफिसला विचारल्याशिवाय झाकू नका.

---

केतकीपान

सापडलं! सर्किटवाला यांचं ऐकून दार लावून एकेका खोलीत मिनिटभर थांबलो. पॅसेजमधला डिटेक्टर बिचारा निर्दोष होता. आवाज हॉलमध्ये सोफ्यामागच्या सॉकेटला लावलेल्या कार्बन मोनॉक्साइड अलार्मचा होता. आधीच्या मालकांनी लावलेला, पाठीवर २०१६ लिहिलंय. आता भीती वाटतेय, ती खरी गॅसची बीप तर नसेल?

---

सर्किटवाला

मिनिटाला एकच बीप असेल तर बॅटरी किंवा संपलेलं आयुष्य. खरा धोका असला तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सलग चार बीप, थोडं थांबून पुन्हा चार, असा वाजतो. धुराचा असतो तीन-तीनचा. चार-चार ऐकलं तर खिडक्या उघडत, कारण शोधत बसायचं नाही. सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ ला फोन. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि आगीशी संबंध नसलेल्या अशा विषबाधेनं अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक लोक जातात, त्यातले बरेच थंडीत. तुमच्या अलार्मची मुदत संपली आहे, त्याचा सेन्सर आता विश्वासाचा नाही. आजच नवा आणा.

जुन्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. ड्रॉवरमध्ये किल्ल्या, नाणी, स्टीलवूल यांच्या सोबत पडली तर शॉर्ट होऊन तीच आग लावू शकते. टोकांवर चिकटपट्टी लावून मगच टाका.

---

केतकीपान

नवा आणला, लावला. छतावरच्या सगळ्यांच्या तारखाही बघितल्या. दोन बदलायचे आहेत. हार्डवायर्ड आहेत, तर कुठल्याही कंपनीचे चालतील का?

---

सर्किटवाला

नाही. एकमेकांशी जोडलेले असतील तर जुन्याशी जुळणारे म्हणून नमूद केलेलेच घ्या, नाहीतर एक वाजला तरी बाकीचे वाजतील याची खात्री नाही. मागचा प्लगही कंपनीगणिक वेगळा असतो. सगळे एकाच वयाचे असतील तर सगळेच एकदम बदला, पुढे सोपं जातं. बदलल्यावर एकाचं टेस्ट बटण दाबा आणि घरभर सगळे वाजतात का ते ऐका.

---

मोरपीस

अपडेट : मेंटेनन्सवाले आले होते. फोटोइलेक्ट्रिक लावून दिला आणि शेगडीपासून लांब, पॅसेजच्या तोंडाशी. संध्याकाळी मुद्दाम ठेच्याची फोडणी करून पाहिली. वाजला नाही. मग बटण दाबून बघितलं, वाजला.

---

आजोळ

बाबांच्या खोलीत ५२० हर्ट्झचा लावला. दुपारी त्यांना झोपू दिलं आणि टेस्ट बटण दाबलं. दचकून उठून बसले. रागावले, पण उठले!

---

इंद्रायणीकाठ

आजोळ, मोरपीस, केतकी, वाचून खूप बरं वाटलं.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावातल्या आणि आसपासच्या लोकांसाठी : आमच्या मंडळातले काही जण पुढच्या शनिवारी दुपारी उंच शिडी आणि ९ व्होल्टच्या बॅटऱ्या घेऊन निघणार आहेत. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं एकटी राहतात किंवा ज्यांचा हात छताला पोचत नाही, त्यांनी मला इथे निरोप टाका. डिटेक्टरच नसेल तर रेड क्रॉस बऱ्याच भागांत मोफत बसवून देतं, त्यांची वेळही आम्ही घेऊन देऊ. दोन मजली छत असेल तर आधी सांगा, तेवढी शिडी एकाच घरी आहे.

---

रानवारा

मिनेसोटापर्यंत येणार नाही ना ती शिडी! आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हेच टाकतोय आत्ता. इथल्या उंच शिडीवाल्याचं घर मला माहीत आहे.